80 गॅलनचा जुना अमेरिकन एअर रिसीव्हर: आधी नेमप्लेट वाचा

जुन्या आयात कॉम्प्रेसरसोबत येणारा 80 गॅलनचा, म्हणजे साधारण 300 लिटरचा उभा रिसीव्हर (दाबलेली हवा साठवायची टाकी) वर्कशॉपला उत्तम चालतो, पण नेमप्लेट, म्हणजे टाकीची माहिती ठोकलेली पट्टी, शाबूत असेल तरच. बिनपट्टीच्या टाकीला भंगाराच्या दरापेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नये.

पट्टीवर रंगाचे तीन-चार थर चढलेले असतात. त्यावर ग्राइंडर फिरवला की उथळ ठोकलेली अक्षरं कायमची गेली. पेंट रिमूव्हर लावा, थोडं थांबा, नायलॉन ब्रशने घासा आणि टॉर्च अगदी आडवी धरा. तरी आकडा उमटेना तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवा. 3 की 8, हा घोळ तिथे सुटतो.

पहिला शोध चार पाकळ्यांच्या एएसएमई (अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअर्सची संस्था) शिक्क्याचा. त्यावर 'यू' आहे की 'यूएम', हे नीट बघा. 'यूएम' लहान टाक्यांचा: 250 पीएसआय (दाबाचं एकक) पर्यंत जास्तीत जास्त 5 घनफूट, म्हणजे 142 लिटर. 300 लिटरच्या टाकीवर 'यूएम' दिसला तर पट्टी दुसऱ्याच टाकीची आहे. सौदा तिथेच मोडा. जुन्या रंगावर नवे कोरे रिव्हेट दिसले तरी हाच संशय घ्यावा.

'आरटी-3' म्हणजे वेल्डिंगची ठिकठिकाणी रेडिओग्राफी झालेली. दोन्ही बाजूंनी वेल्ड केलेल्या जोडाची कार्यक्षमता, म्हणजे अखंड पत्र्याच्या तुलनेत जोडाची ताकद, मग 0.85 धरतात, रेडिओग्राफी नसेल तर 0.70. त्यामुळे त्याच व्यासाला, त्याच दाबाला 'आरटी-3' टाकीचा पत्रा पातळ चालतो. नुसत्या जाडीवरून टाकी जोखू नका. 'एमडीएमटी'ची (टाकी वापरायचं किमान तापमान) ओळ नाही म्हणून पट्टी खोटी ठरवू नका, 1987 पूर्वीच्या टाक्यांवर ती नसतेच.

सगळ्यात मोलाचा तो 'एनबी', म्हणजे नॅशनल बोर्डचा नोंदणी नंबर. कंपनीचा सीरियल नंबर वेगळा, दोन्ही लिहून घ्या. टाकीची नोंद असेल तर कंपनी बंद पडलेली असली तरी अमेरिकेतल्या कोलंबसच्या नॅशनल बोर्डकडून (बॉयलर आणि दाबाच्या टाक्यांची नोंद ठेवणारी संस्था) फी भरून मूळ डेटा रिपोर्टची प्रत मिळते. त्यात पत्र्याचा ग्रेड आणि जाडी असते. मग जाडी मोजायचं अल्ट्रासॉनिक गेज घ्या आणि खालच्या डिशवर (टाकीच्या गोलसर बुडावर), ड्रेनच्या भोवती जास्त ठिकाणी मोजा, कारण पाणी साचून पत्रा तिथेच गंजतो. कारखान्यात बसवणार असाल तर सक्षम व्यक्तीकडून, म्हणजे सरकारमान्य तपासनीसाकडून, तपासणी लागतेच. पैसे देण्याआधीच त्यांना पट्टीचा फोटो दाखवा.