अर्ज अडकलाय? सेवा हमी की दप्तर दिरंगाई, आधी हे ठरवा

तहसील कचेरीत अर्ज पडून आहे आणि ‘साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या’ एवढंच ऐकायला मिळतंय, अशा माणसाच्या हाताशी राज्याचे दोन कायदे आहेत. कर्मचाऱ्याकडून वेळेत काम करून घेण्यासाठीच दोन्ही आहेत, पण चुकीचा धरला तर हेलपाटे वाढतात.

काम दाखल्याचं असेल तर फार विचार करू नका. सेवा हमी, म्हणजे २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा. कोणती सेवा, किती दिवसांत, अपील कोणाकडे, हे कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस. मुदत उलटली की ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, मग दुसरं, शेवटी सेवा हक्क आयोग. आयोगाच्या रचनेत कोल्हापूर पुणे विभागात येतं, पण ‘आपले सरकार’ या राज्याच्या पोर्टलवरून केलेल्या अर्जाचं अपील तिथूनच करता येतं. चंदगडहून शंभरावर किलोमीटर कापून कोल्हापूर गाठणाऱ्याला ही सोय फार मोलाची. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होतो. रक्कम किरकोळ, पण ती त्याच्या पगारातून जाते, म्हणून झोंबते.

अडचण अशी की हा कायदा अधिसूचित, म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेल्या, सेवांपुरताच. पुराच्या भरपाईच्या यादीतून नाव गळालं, पुराचा फटका सोसणाऱ्या शिरोळकडच्या माणसाला हे सांगायला नको, तर त्या तक्रारीला फलकावर बहुधा जागाच नसते.

तिथे दप्तर दिरंगाई, म्हणजे सरकारी कामातला उशीर रोखणारा कायदा. तो २००५ चा, अंमल १ जुलै २००६ पासून. गंमत बघा, याच कायद्यात बदल्यांचे नियम आहेत आणि तीन वर्षांच्या कार्यकाळाचं कलम प्रत्येक कर्मचाऱ्याला तोंडपाठ असतं. कलम १० मात्र आपण काढून दाखवावं लागतं. ते म्हणतं, फाईल सर्वसाधारणपणे एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये. दुसऱ्या विभागाकडे जायची नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, जायची असेल तर तीन महिन्यांत. जाणूनबुजून उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई. सात दिवस हे टेबलागणिक आहेत, हे विसरू नका. पाच टेबलं फिरली की महिना सहज जातो आणि कुणाचंच चुकलेलं नसतं. प्रकरण कोर्टात असेल तर हे कलम लागूच होत नाही.

व्याप्ती मोठी, पण दात कमी. दंड नाही, मुदतबंद अपिलाची साखळी नाही. कारवाई करायची ती त्यांच्याच वरिष्ठांनी. म्हणून नुसता तक्रार अर्ज देऊन घरी बसण्यात अर्थ नाही. आधी १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि एवढंच मागा: माझा अर्ज कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणाकडे होता, त्या नोंदींच्या प्रती. उत्तराला ३० दिवस लागतील, पण टेबलाचं नाव आणि तारखा हातात येतात. मग कलम १० चा उल्लेख करून तक्रार कार्यालयप्रमुखाच्या वरच्या अधिकाऱ्याकडे द्या. कार्यालयप्रमुखाकडेच दिली तर ती फिरून त्याच टेबलावर येते.

दोन्हीकडे पोच लागतेच. ऑनलाइन अर्जाचा नंबर मिळतो. हाती दिलेल्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक, तारीख घ्या. शिक्का द्यायला का-कू केली तर वाद न घालता स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा.