‘षड्दर्शनदर्पणा’चा इंग्रजी अनुवाद: कोणती प्रत घ्यावी, कशी टिकवावी

ख्रिस्ती झालेले पंडित नीळकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोऱ्हे यांनी सहा हिंदू दर्शनांचे खंडन करण्यासाठी लिहिलेल्या हिंदी ‘षड्दर्शनदर्पणा’चा फिट्झएडवर्ड हॉल यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १८६२ मध्ये कलकत्त्यात निघाला. आता मागणीनुसार छापलेली त्याची पेपरबॅक प्रत सोलापुरात घरपोच मिळते. ग्रंथ अव्वल आहे. प्रत मात्र पारखून घ्यावी लागते.

प्रती दोन तऱ्हांच्या येतात. एकीत जुन्या पानांच्या जशाच्या तशा प्रतिमा असतात, दुसरीत संगणकाने ओळखून नव्याने जुळवलेला मजकूर. दुसरी घेऊच नका. तळटिपांतल्या संस्कृत अवतरणांची तिथे पार वाट लागलेली असते. वेदान्तावरच्या भागात हे फार नडते. वेदान्ताने पारमार्थिक (अंतिम), व्यावहारिक (रोजच्या व्यवहारातली) आणि प्रातिभासिक (भासमात्र) अशा तीन सत्ता, म्हणजे अस्तित्वाच्या तीन पातळ्या, मानण्यावरच गोऱ्ह्यांचा मुख्य आक्षेप आहे. मूळ वचन दिसलेच नाही, तर त्यांनी पूर्वपक्ष, म्हणजे खोडून काढायचे मत, प्रामाणिकपणे मांडला की नाही हे ताडून कसे पाहणार? आणि ते पाहायलाच हवे. ख्रिस्ती होण्याआधी याच गोऱ्ह्यांनी ऐन विशीच्या उंबरठ्यावर ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ या हिंदू धर्मावर टीका करणाऱ्या ग्रंथाला संस्कृतातून उत्तर दिले होते. १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ते अँग्लिकन धर्मगुरू झाले. पंडिता रमाबाईंच्या धर्मविचारावरही त्यांचा प्रभाव पडला. ते १८९५ मध्ये वारले.

आता बांधणी. या प्रतींची पाठ गरम गोंदाने चिकटवलेली असते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की हा गोंद नरमतो, पुढे कडक होऊन तडकतो आणि पाने सुटी होतात. म्हणून प्रत आली की आतला समास मोजा. सुट्या पानांना घडी नसते, त्यामुळे जुजबांधणी (घडी घातलेल्या पानांचे जुज शिवून केलेली बांधणी) होत नाही. समास १५ मिमीच्या वर असेल तरच कडेने शिलाई घ्या, नाहीतर ओळींची टोके शिवणीत जातात. कमी असेल तर बाइंडरला सांगा: जुना गोंद मशीनवर कापताना २ मिमीपेक्षा जास्त घेऊ नका, पाने आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला कलती करून पांढरा डिंक लावा, वर मलमलीची पट्टी चिकटवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. पाठीला सुती कापड घ्या. रेक्झिन उन्हात सोलपटते.

कागद ७० जीएसएमपेक्षा (चौरस मीटरला ७० ग्रॅम) पातळ असेल तर मागच्या पानाची अक्षरे आरपार दिसतात आणि तळटिपांचा बारीक ठसा वाचवत नाही. अशी प्रत बांधायला टाकू नका, मुदतीत परत करा. एकदा पाठ कापली की कोणी परत घेत नाही.