औषधाची सिरिंज: रबरी टोकाचा दट्ट्या की सिलिकॉनची रिंग?

लहान मुलाला पातळ औषध पाजण्यासाठी सुई न बसणारी, तोंडावाटे द्यायचीच सिरिंज घ्यावी. खरा प्रश्न दट्ट्याचा आहे. रबरी टोकाचा दट्ट्या सुरुवातीला अगदी सहज सरकतो, परंतु वारंवार धुतल्याने आणि साखरेच्या चिकट औषधाने तो अडखळू लागतो, आणि जरा जोर लावताच २.५ मिलिलिटर औषध एकदम घशात जाऊन मुलाला ठसका लागतो. सिलिकॉनची रिंग बसवलेला दट्ट्या पुष्कळ धुण्यांनंतरही एकसारखा सरकतो, म्हणून औषध दीर्घकाळ चालणार असेल तर मी तोच निवडेन. चार-पाच दिवसांच्या औषधाला रबरी टोकही पुरते. मात्र मापाच्या रेघा पुसट झाल्या, तर दट्ट्या कितीही चांगला असला तरी ती सिरिंज टाकूनच द्यावी.