शार्क्सचा सीझन पास : एक अख्खा मोसम वापरल्यानंतर

आधी काय घेतलं होतं ते सांगतो. सॅन होजे शार्क्स या आइस हॉकी संघाचा २०२३-२४ चा सीझन पास, दोन खुर्च्या, वरच्या मजल्यावर कोपऱ्याजवळ. घरच्या मैदानावरचे ४१ सामने. एका घराला ४१ सामने झेपत नाहीत, पैशानेही नाही आणि शाळेच्या दिवसांतल्या जागरणांनीही नाही. म्हणून आम्ही चार मराठी घरांनी मिळून भिशीसारखं केलं. प्रत्येकी दहा सामने, चाळीस झाले, उरला एक. त्या उरलेल्या एकावर जेवढी चर्चा झाली तेवढी पासच्या किमतीवरही झाली नव्हती. शेवटी सगळ्यांनाच हवा असलेला सामना बाजूला काढला : ४ नोव्हेंबर, पिट्सबर्ग पेंग्विन्सविरुद्ध. गणपतीत आमच्याकडे आरतीला सगळे जमले होते, तेव्हा त्यातल्या सर्वांत लहान पोरीकडून चिठ्ठी उचलून घेतली. आमचं नाव निघालं. 'नशीब काढलंस लेका,' असं मित्र म्हणाला.

तो सामना सगळ्यांना का हवा होता, तर एरिक कार्लसन. आदल्या मोसमात शार्क्सकडून खेळताना या माणसाने १०१ गुण केले होते, म्हणजे स्वतःचे गोल अधिक दुसऱ्याच्या गोलला केलेली मदत. बचावपटूने शंभरी ओलांडायची गोष्ट एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या आइस हॉकी लीगमध्ये, १९९१-९२ नंतर घडली नव्हती. ऑगस्टमध्ये त्याला पिट्सबर्गला देऊन टाकलं आणि नोव्हेंबरात तो पाहुण्यांचा शर्ट घालून आमच्याच बर्फावर येणार होता.

आम्ही डोळे झाकून पास घेतला असं कुणी म्हणू नये. २०२२ च्या जुलैत माईक ग्रियर व्यवस्थापक म्हणून आले, त्याच महिन्यात ब्रेंट बर्न्स कॅरोलायनाला गेला. २०२३ च्या फेब्रुवारीत टिमो मायर न्यू जर्सीला. मग कार्लसन. महागडे, लांबलचक करार आणि वय वाढत चाललेले खेळाडू असा तो संसार होता. संघाच्या एकूण पगारावरची लीगची मर्यादा कडक असल्याने नवं काही आणायचं तर जुनं बाहेर काढणं भागच होतं. हे सगळं उघडपणे चाललं होतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही, सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेलीय एवढं म्हटलं की पुरे. फरक एकच. रीडेव्हलपमेंटमध्ये बिल्डर आपल्याला भाडं देतो. इथे पाडकाम चालू असताना आम्ही आतच बसलो होतो आणि भाडंही आम्हीच भरत होतो.

आता प्रत्यक्ष वापर.

पहिला सामना १२ ऑक्टोबरला, व्हेगासविरुद्ध, १-४. दोन दिवसांनी कोलोरॅडोशी शूटआउटमध्ये १-२, त्यात हरूनही एक गुण मिळाला. पुढे महिनाभरात जे काही हाती लागलं ते तेवढंच. पहिल्या ११ सामन्यांत एकही विजय नाही.

त्या नोव्हेंबरचा पहिला आठवडा मी विसरणार नाही, कारण तिकडे क्रिकेटचा विश्वचषक चालू होता. २ तारखेला मध्यरात्री दीडला उठून भारत-श्रीलंका लावला. वानखेडेवर शमीने १८ धावांत ५ बळी घेतले, श्रीलंका ५५ वर खलास. दिवसभर ऑफिसात मी डोळे चोळत पण छाती काढून फिरत होतो. त्याच संध्याकाळी इथे व्हँकुव्हरने शार्क्सना १०-१ असं धुतलं. ते तिकीट आमच्यातल्या दुसऱ्या घराकडे होतं. तिसऱ्या म्हणजे शेवटच्या पिरियडच्या मध्यावर त्याचा मेसेज आला, 'इकडे पण आम्हीच श्रीलंका.'

दोन दिवसांनी आमचं नशीब. मुलाला घेऊन गेलो. १०-२. आइस हॉकीत एका संघाचे दहा गोल ही रोजची गोष्ट नव्हे, आणि लागोपाठ दोन सामन्यांत दहा-दहा खायची वेळ १९६५ नंतर कुठल्याच संघावर आली नव्हती. सहावा गोल झाल्यावर आमच्या पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या जोडप्याने थर्मास बंद केला, शालीच्या घड्या घातल्या आणि ते उठलेच नाहीत. नुसते बसून राहिले. नऊ वर्षांचं आमचं कार्टं मात्र दहावा होतो की नाही म्हणून खुर्चीच्या कडेवर आलं होतं. त्याला मी गप्प केलं, खरं तर मलाही तेच बघायचं होतं.

घरी येऊन डोळा लागतो न लागतो तोच दीडचा गजर. भारत-दक्षिण आफ्रिका. त्याच रात्री इथली घड्याळं तासभर मागे जातात, म्हणजे ती रात्र पंचवीस तासांच्या दिवसाची. कोहलीचं एकोणपन्नासावं शतक, तेही वाढदिवसाला, नाबाद १०१. कार्लसनच्या गुणांचाही आकडा १०१. अशा गोष्टी पहाटे तीनला फार अर्थपूर्ण वाटतात.

पहिला विजय ७ नोव्हेंबरला आला, फिलाडेल्फियाविरुद्ध २-१. मंगळवार होता आणि ती तिकिटं आमचीच होती. दिवाळी पाच दिवसांवर, घरात चकलीची भाजणी, मुलाची दुसऱ्या दिवशी परीक्षा. तिकिटं विकायला टाकली होती, कुणी घेतली नाहीत. सतरा हजारांहून जास्त खुर्च्यांपैकी आमच्या दोन रिकाम्या होत्या, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

जागेबद्दल तक्रार नाही. डिरिडॉन स्टेशनवर उतरलं की पाच मिनिटांत आत, पार्किंगचा जाच नाही. वरच्या मजल्यावरून बर्फ अख्खा दिसतो. पक, म्हणजे ती रबरी चकती, टीव्हीपेक्षा इथे कमी दिसतो हे खरं, पण कोण कुठे मोकळा उभा आहे ते दिसतं, आणि आइस हॉकी निम्मी तिथेच कळते. खेळाडू भल्यामोठ्या शार्कच्या जबड्यातून धुरातून बाहेर येतात, ते दृश्य दर वेळी आवडलं. पॉवर प्ले मिळाला, म्हणजे समोरचा एक जण शिक्षेला बसला, की सगळं स्टेडियम दोन्ही हात लांब करून शार्कचा जबडा उघडमिट करतं. या मोसमात जबडे बरेच हलले, दातांत काही सापडलं नाही. थंडी वाजते, आत आहे म्हणून हयगय करू नका. खाणं शाकाहाऱ्यांना नाचो आणि पॉपकॉर्नच्या पलीकडे फारसं नाही. घरून खाऊन जा.

फेब्रुवारीत आई मिरजेहून आलेली होती. तिला नेलं. कानटोपी, त्यावर शाल, हातमोजे, मांडीवर पर्स. पहिले पाच मिनिटं काही बोलली नाही. मग विचारलं, "ही मुलं मधेच आत-बाहेर का करतायत?" मी सांगितलं की प्रत्येक जण पाऊण मिनिट जीव तोडून खेळतो आणि मग दुसरा उतरतो. "एवढ्यात दमली?" म्हणाली. ऑफसाइड समजावून सांगायचा माझा प्रयत्न तिने हाताने थांबवला. तिचं लक्ष गोलीवर होतं. शार्क्सच्या गोलीवर त्या मोसमात रोज रात्री जो मारा व्हायचा तो बघायला दुर्बीण लागत नव्हती, सगळा खेळ आमच्याच अर्ध्या भागात. ब्लॅकवूड असो की काहकोनेन, बिचारे गुडघ्यावरून उठायच्या आत पुढचा फटका. दुसऱ्या पिरियडअखेर ती म्हणाली, "त्या जाळीवाल्याला घरी गेल्यावर कुणी गरम पाण्याने शेकतं का रे?" फोनवर अजूनही विचारते, 'तुमचा जाळीवाला कसा आहे?' मार्चमध्ये त्यातला एक जाळीवाला न्यू जर्सीला गेला हे मी तिला सांगितलेलं नाही.

तिकिटं परत विकण्याबद्दल. पास घेताना हिशेब असा होता की निम्मे सामने बघू, निम्मे विकू आणि पैसे वसूल. हा हिशेब जिंकणाऱ्या संघासाठी असतो. ज्या अ‍ॅपवर आम्ही विकायला टाकायचो त्याचं नाव घेत नाही, पण कमिशन कापून हातात आलेल्या रकमेत दोघांची कॉफी आणि रेल्वेभाडं निघायचं. अपवाद कॅनडातले संघ यायचे तेव्हा. त्या रात्री पाहुण्यांचे शर्ट घातलेले लोक चांगला भाव द्यायचे आणि आपल्याच स्टेडियममध्ये आपल्याच खुर्च्यांवर बसून आपल्याविरुद्ध ओरडायचे. मी दोनदा विकली. दोन्ही वेळा घरी टीव्हीवर सामना लावला नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते मात्र ८ मार्चचं. टोमाश हर्टल व्हेगासला गेला. तोही गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर खेळत नसताना, अदलाबदलीच्या मुदतीच्या अगदी शेवटच्या घटकेला. २०१३ मध्ये पहिल्याच मोसमात एका सामन्यात चार गोल करणारा, सतत हसणारा मुलगा. हा या शहराचा झाला होता. आमच्या मुलाचा शर्ट ४८ नंबरचा, हर्टलचा. बातमी आली तेव्हा तो ड्रायरमध्ये फिरत होता. मुलाने विचारलं की आता हा घालायचा का. मी म्हटलं घाल. त्याने घडी घालून कपाटात ठेवला. कागदावरचा सौदा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, पाडकामात देवघराची भिंतही जातेच. पण बर्न्स, मायर, कार्लसन गेले तेव्हा जे वाटलं नव्हतं ते तेव्हा वाटलं, की आता आपल्या ओळखीचं आत कुणीच उरलं नाही. कर्णधार लोगन कुटूर दुखापतीमुळे सहाच सामने खेळला होता.

शेवटचा आकडा : ८२ सामने, १९ विजय, ५४ पराभव, ९ वेळा जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हार. ४७ गुण, ३२ संघांत शेवटचे. शेवटून दुसरं शिकागो, तेही पाच गुणांनी पुढे. डिसेंबर-जानेवारीत सलग १२ पराभवांचा आणखी एक हप्ता आला होता, त्याबद्दल लिहीत नाही, आम्हालाही तेव्हा वेगळं काही जाणवलं नव्हतं. याहून वाईट दिवस या क्लबने पाहिलेत. १९९२-९३ मध्ये, डेली सिटीच्या काऊ पॅलेसमध्ये खेळायचे तेव्हा, ८४ पैकी ७१ हरले होते. पण तो संघ दुसऱ्याच मोसमात होता, रांगणारं पोर. १९९८ ते २०१९ या काळात मात्र यांचं प्लेऑफ, म्हणजे मोसमानंतरची बाद फेरी, फक्त दोनदा हुकलं. २०१६ मध्ये स्टॅनले कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीपर्यंत गेले. अशा संघाचं लागोपाठ पाचवं वर्ष प्लेऑफविना गेलं.

एप्रिलमध्ये प्रशिक्षक डेव्हिड क्विन यांना काढलं. हे मला पटलं नाही. डब्यात पीठ नाही, गॅस संपत आलेला, आणि पाहुण्यांना पोळ्या नीट का नाही म्हणून स्वयंपाक्याला घरी पाठवायचं. जी मुलं पुढे हा संघ उभा करणार असं सांगितलं जात होतं, त्यातला २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, चौथ्या क्रमांकावर घेतलेला विल स्मिथ त्या वर्षी बोस्टनमध्ये कॉलेजात होता. आणि ज्याच्यासाठी सगळी लीग रांगेत उभी होती तो मॅकलिन सेलेब्रिनी, तोही बोस्टनमध्येच, दुसऱ्या कॉलेजात. आम्ही सॅन होजेत पैसे भरून जो खेळ बघत होतो त्याचा खरा संघ तीन हजार मैलांवर परीक्षा देत होता.

खेळाडूंनी मुद्दाम हार मानली असं एकदाही दिसलं नाही, हे लिहून ठेवतो. झेटरलुंडचे २४ गोल, ग्रानलुंडचे ६० गुण, हे घाम गाळूनच आले. पण जिंकायची सोय वरच्यांनी ठेवलेली नव्हती, आणि त्याची किंमत पासवर कुठे वजा केलेली दिसली नाही. माझी तक्रार एवढीच आहे. पाडकाम करा, पण पाडकामाचा दर लावा.

शेवटचा आल्याचा फायदा म्हणून लॉटरीत ड्राफ्टचा पहिला क्रमांक, म्हणजे सगळ्यांच्या आधी खेळाडू निवडायची संधी, मिळायची शक्यता साडेपंचवीस टक्के होती. ७ मे रोजी तो मिळाला. मिळाला नसता तर हा अभिप्राय बराच छोटा आणि बराच तिखट झाला असता.

ड्राफ्ट लास व्हेगासला, २८ जूनला. त्याच दिवसांत सॅन होजेत बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन होतं, मॅकेनरी कन्व्हेन्शन सेंटरमध्ये, शार्क्सच्या स्टेडियमपासून चालत जाण्याइतकं जवळ. दुपारी चारला मी चहाच्या रांगेत, नेहरू जाकीट घालून, मोबाइलवर बघतोय. सेलेब्रिनीचं नाव पुकारलं तेव्हा मी जरा मोठ्याने 'आलं रे' म्हणालो. पुढच्या काकूंना वाटलं चहात आलं आहे असं सांगतोय, त्या म्हणाल्या, "हो का? बरं झालं."

चारपैकी दोन घरांनी पास सोडला होता. त्यातलाच एक, तो व्हँकुव्हरचा मेसेज पाठवणारा, त्या रांगेत माझ्या मागे होता. खांद्यावरून डोकावून त्याने अठरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावरची टोपी बघितली आणि विचारलं की तुमच्या दोघांत अजून जागा आहे का.

पाचपैकी दोन तारे. पास पुन्हा घेतलाय, या वेळी तीन घरांत. ४१ भागिले तीन, उरतात दोन. कुठले दोन ते गणपतीत ठरेल. चिठ्ठी मी काढणार नाही.