स्कॅनकोड टूलकिट: सात महिने वापरल्यावर

चवथीच्या आधी कळंगुटच्या एका हॉटेलला बारा टीव्ही-बॉक्स द्यायचे होते. त्यांनी अट घातली: आतल्या प्रत्येक लायब्ररीच्या (दुसऱ्यांनी लिहिलेल्या, आम्ही वापरलेल्या कोडच्या) परवान्याची यादी हवी. स्कॅनकोड म्हणजे फाइली वाचून कुठल्या कोडला कोणता परवाना आहे ते सांगणारं साधन. तोवर मी ते दर महिन्याला चालवायचो आणि अहवाल न वाचता ठेवून द्यायचो. या वेळी वाचला.

वेगाबद्दल माझं मत वाईटच आहे. फोंड्यातल्या आमच्या जुन्या लॅपटॉपवर पूर्ण स्कॅनला रात्र जाते. जूनमध्ये पहाटे लाईट गेली, सगळं पुन्हा पहिल्यापासून. शेवटी यूपीएस घेतला. फुकटच्या साधनापायी झालेला हा खर्च मला अजून सलतो.

पण एका लायब्ररीच्या पॅकेजवर नुसतं 'जीपीएल २' होतं आणि तिच्याशी जोडलेली दुसरी अपाचे २ची; दोन्ही खुल्या सॉफ्टवेअरचे परवाने, पण एकत्र द्यायचे तर जुळायला हवेत. अपाचे २ जीपीएल ३शी जुळतो, नुसत्या २शी नाही. मी लायब्ररीच बदलायला निघालो होतो, आठवड्याचं काम. स्कॅनकोडने फाइलींच्या माथ्यावरचा मजकूर समोर ठेवला: 'किंवा त्यानंतरची कोणतीही आवृत्ती'. म्हणजे जीपीएल ३ घेता येत होता. तो भाग सोर्ससकट, म्हणजे मूळ कोडसकट, द्यावा लागेल, त्याला आमची ना नव्हती. त्या दिवशी यूपीएसचे पैसे वसूल झाले.

मग एफएफएमपेग, व्हिडिओ आणि आवाज हाताळणारं खुलं सॉफ्टवेअर. स्कॅनमध्ये बहुतेक एलजीपीएल २.१ (जीपीएलचा सैल भाऊ), थोडं जीपीएल, मी निर्धास्त. पण मी स्कॅन केला होता सोर्स, आणि बॉक्समध्ये होती कुणीतरी त्या सोर्सपासून बांधून ठेवलेली तयार बायनरी, म्हणजे थेट चालणारा प्रोग्राम. तिला परवाना विचारला, तर उत्तर आलं की ही आवृत्ती कायद्याने पुढे वाटता येत नाही. बांधणीच्या ओळीत, म्हणजे ती बांधताना निवडलेल्या पर्यायांत, 'एनेबल-जीपीएल', 'एनेबल-नॉनफ्री' दोन्ही; आत जीपीएलची एक्स२६४ आणि तिच्याशी परवाना न जुळणारी एफडीके-एएसी, या दोन बाहेरच्या लायब्रऱ्या. महिनाभर मी स्कॅनकोडला दोष देत होतो. ज्या सोर्समध्ये ही ओळच नाही, त्यात त्याला ती दिसणार कशी? चूक माझी होती. आता बॉक्समधल्या बायनरीची बांधणीची ओळ आधी वाचतो, स्कॅन नंतर.

बदली लायब्ररी शोधण्यात दोन दिवस घालवले. मग लक्षात आलं, आमचा बॉक्स व्हिडिओ फक्त दाखवतो. एक्स२६४ एन्कोडर आहे, व्हिडिओ तयार करणारा; आणि एच.२६४ (चित्र) व एएसी (आवाज) उलगडणारे डीकोडर एफएफएमपेगमध्ये मुळातच आहेत. दोन्ही काढले, एलजीपीएलखाली डायनॅमिक लिंकिंगने, म्हणजे लायब्ररी वेगळी फाइल ठेवून, पुन्हा बांधलं. चित्र तसंच, आवाज तसाच.

यादी दिली, ऑर्डर टिकली. पण जुन्या बायनरीचे तीन बॉक्स आधीच पेडण्यात लागले होते. रविवारी गाडी काढली आणि तिन्ही बदलून आलो.