आठ पोर्टचा १०/१०० हब : उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

नागपुरात सीताबर्डीतलं छोटं ऑफिस. पाच संगणक, एक प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि मध्ये सेकंडहँड हब, म्हणजे या सगळ्यांच्या नेटवर्क केबल एकत्र जोडणारा खोका. बिलं बनवणं, मेल, छपाई एवढ्यापुरता तो चालतो, तक्रार नाही. दोघांनी एकदम मोठी फाइल हलवायला घेतली की मात्र सगळ्यांचंच काम रखडतं.

कारण हबला डोकं नाही. एका पोर्टवर आलेला सिग्नल तो बाकी सगळ्या पोर्टांवर जसाच्या तसा सोडतो. १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) सगळ्यांत मिळून, आणि एका वेळी एकानेच पाठवायचं. दोघांनी एकदम पाठवलं की टक्कर. मग थोडं थांबून पुन्हा प्रयत्न. सोळा प्रयत्न फसले की संगणकाचं नेटवर्क कार्ड ती फ्रेम (डेटाचा तुकडा) सोडून देतं. कॉपी एकच चालू असली तरी पोचपावत्या उलट दिशेने त्याच वाटेवर येतात, त्यामुळे १ जीबीला कागदावरचे ८० सेकंद प्रत्यक्षात कधीच मिळत नाहीत.

सर्वांत छळणारा दोष ड्युप्लेक्सचा. हब हाफ ड्युप्लेक्सच असतो, म्हणजे पाठवणं आणि घेणं एकदम नाही; फुलमध्ये दोन्ही एकदम चालतं. एखाद्या संगणकाच्या कार्डला कोणी हाताने ‘१०० फुल’ लावून ठेवलं असेल तर ते वाट मोकळी आहे का हे न बघताच पाठवतं. पिंग (समोरचा संगणक उत्तर देतो का हे बघायची छोटी चाचणी) व्यवस्थित, पण फाइल कॉपी गोगलगाय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबवर ‘स्पीड अँड ड्युप्लेक्स’ ऑटोवर टाका. बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं.

पोर्ट संपले म्हणून दुसरा हब जोडताना खोक्यावर गोलातला रोमन आकडा बघा. दोन असेल तर असे दोनच हब जोडता येतात, मधली केबल जास्तीत जास्त ५ मीटर, टोकापासून टोकापर्यंत २०५ मीटर. एक असेल तर जोडूच नका. अपलिंक (दुसरा हब जोडायचा पोर्ट) आणि त्याच्या शेजारचा पोर्ट बहुधा आतून एकच असतो, दोन्हींत केबल लावली तर एकही धड चालत नाही. आणि एकाच केबलची दोन्ही टोकं चुकून हबमध्ये गेली तर अख्खं नेटवर्क ठप्प.

आपल्याकडचा मे सगळ्यांना माहीत आहे. पारा ४५ वर असताना हब यूपीएसच्या डोक्यावर ठेवू नका, अडॅप्टर आधी जातो. कूलरच्या झोतातही नको. ओलाव्याने पिना काळवंडतात आणि लिंकचा दिवा लुकलुकायला लागतो.

तरी हब विकू नये असं मत आहे. राउटर आणि संशयित संगणक यांच्यामध्ये तो घाला, तिसऱ्या पोर्टला वायरशार्क (नेटवर्कवरचा डेटा दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू असलेला लॅपटॉप लावा, दोघांमधलं सगळं दिसतं, काही सेटिंग लागत नाही. स्विच डेटा ज्याचा त्याच्याच पोर्टवर पाठवतो, म्हणून साध्या स्वस्त स्विचवर हे जमत नाही. याच गुणामुळे रोजच्या ऑफिसात तो धोक्याचा: एन्क्रिप्ट न केलेला पासवर्ड कोणालाही वाचता येतो. रोजच्या कामाला काहीशे रुपयांचा आठ पोर्टचा स्विच घ्या.

जुन्या बाजारात हब म्हणून स्विचच हातात ठेवतात. घेण्याआधी दोन संगणकांत पिंग चालू ठेवा आणि तिसऱ्यावर वायरशार्क लावा. पिंगच्या विनंत्या आणि उत्तरं दोन्ही तिथे दिसली तरच तो हब.