सहा महिन्यांनंतर: आलेख उपयोगी, पण इन्सुलिनची जुनी मात्रा धोक्याची

वडिलांना रुग्णालयातून घरी आणले त्याच दिवशी, तिथे सुचवलेले मधुमेहाचे ॲप आम्ही त्यांच्या फोनवर घेतले. आता वर्गणी पुन्हा भरायची वेळ आली आहे. ग्लुकोमीटरची नोंद आपोआप उतरणे, दंडावर लावलेल्या, साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरचा आलेख, ॲपच्या समुपदेशकाला संदेश या सोयी बहुतेकांना ठाऊक असतील. मला लिहायचे आहे ते मुख्यतः इन्सुलिनची वेळ झाल्याच्या सूचनेबद्दल.

फुफ्फुसांच्या संसर्गामुळे वडिलांना स्टिरॉइड द्यावे लागले होते. संसर्ग आणि स्टिरॉइड या दोन्हींनी साखर चढते, त्यामुळे डिस्चार्ज कार्डावरची इन्सुलिनची मात्रा त्या आजारपणाला साजेशी, म्हणजे मोठी होती. घरी आल्यावर स्टिरॉइड टप्प्याटप्प्याने उतरवले गेले, तशी इन्सुलिनची गरजही उतरली आणि दहाव्या दिवशी डॉक्टरांनी सकाळची मात्रा २२ युनिटवरून १६ वर आणली. ॲपमध्ये मात्र २२ हाच आकडा राहिला, कारण तो आपल्याला बदलता येत नाही, समुपदेशकाकडे विनंती पाठवावी लागते. मी ती त्याच दुपारी पाठवली; बदल झाला चौथ्या दिवशी. मधल्या एका सकाळी मी घरी नव्हते. आईने फोनवरचा आकडा पाहून २२ युनिट दिले आणि दुपारच्या जेवणाआधी वडिलांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. ग्लुकोमीटरवर साखर ५१ होती. ७० च्या खाली कमी आणि ५४ च्या खाली गंभीर, हे आईला रुग्णालयात नीट समजावलेले असल्यामुळे तिने लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दिले, १५ मिनिटांनी तपासून पुन्हा तेवढेच दिले, तेव्हा साखर ८८ वर आली.

ॲपवाल्यांकडे मी तक्रार केली, तिला उत्तर मिळाले की मात्रेबाबत डॉक्टरांचे सांगणेच अंतिम मानावे. ते मान्यच आहे. पण ज्या आकड्याची खात्री नाही तो रोज सकाळी ठळक अक्षरांत दाखवू नये, निदान विनंती प्रलंबित असेपर्यंत तरी झाकावा, एवढीच माझी मागणी होती आणि आहे.

सेन्सरबद्दलचे माझे मत मात्र बदलले. पहिल्या महिन्यात रात्री दोन-अडीचला इशारा वाजे आणि बोट टोचून पाहिले की साखर ११० च्या आसपास निघे. वडील सेन्सर लावलेल्या कुशीवरच झोपत आणि सेन्सर दाबला गेला की आकडा खोटा खाली जातो, हे एका परिचारिकेने सांगितले. शिवाय सेन्सर रक्तातली नव्हे, तर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून साखर झपाट्याने बदलत असताना तो काही मिनिटे मागे राहतो. सेन्सर दुसऱ्या दंडावर लावल्यावर खोटे इशारे जवळजवळ थांबले. दुसऱ्या महिन्यात पुन्हा पहाटे तीनच्या सुमारास आकडा खाली जाऊ लागला, तेव्हा बोट टोचले तर खरोखरच ६४. सकाळी उपाशीपोटी १३० येत असल्याने आम्ही निश्चिंत होतो; आलेख नसता तर ही घसरण कळली नसती. डॉक्टरांनी तो पाहून रात्रीची मात्रा कमी केली. एचबीए१सी ही रक्तचाचणी साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, अशा पहाटेच्या घसरणी त्यात दिसत नाहीत.

आणखी एक उणीव राहिलीच आहे. सूचनेखाली ‘घेतले’ आणि ‘नंतर’ ही दोनच बटणे आहेत. उलट्या होत असताना डॉक्टरांच्या सांगण्यावरून जेवणाआधीचे इंजेक्शन दोनदा दिले नाही, त्याची नोंद अहवालात ‘चुकले’ अशी झाली आणि पुढच्या भेटीत वडिलांना विनाकारण त्याचा खुलासा करावा लागला. जो माणूस एकही वेळ चुकवत नाही त्याला हे लागते.

ताज्या सुधारणेत मात्रेशेजारी ती कधी बदलली याची तारीख दिसते, हे चांगले झाले; विनंतीची पद्धत मात्र तशीच आहे. म्हणून मी वर्षाऐवजी तीनच महिन्यांची वर्गणी भरली आहे, सेन्सर चालू ठेवला आहे आणि इन्सुलिनची सूचना बंद केली आहे. चालू मात्रा आता तारखेसह कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावलेली असते आणि डॉक्टरांनी ती बदलली की आई जुना कागद फाडून टाकते.